खाडा

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारच्या खिळ्याला कालनिर्णय टांगलेलं असतं. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ते सुरू केलं ते तिथी-मुहूर्तांसाठी. बायकांनी त्याची हिशेबाची वही केली. दूध अर्धा लिटर जास्तीचं घेतलं, सिलिंडर लावला, पेपर आला नाही, सगळं त्या चौकोनांत. आणि कुठे कुठे तारखेभोवती पेनाने घातलेला गोल. गोल म्हणजे बाईचा खाडा.

गेल्या दिवाळीआधी माळा आवरताना जुन्या कॅलेंडरांची गुंडाळी सापडली आणि आवराआवर राहिली बाजूला, मी ती चाळत बसले. आमच्याकडे धुणं-भांडी करणाऱ्या मावशींचं चरित्रच होतं त्यात. एका मार्चमध्ये सलग अकरा गोल: लेकीचं बाळंतपण. एका ऑगस्टमध्ये सात: टायफॉईड. २०२० च्या एप्रिल-मेमध्ये एकही गोल नाही, कारण तेव्हा कुणी येणारच नव्हतं. सगळी पानं उलटून झाल्यावर लक्षात आलं, की ‘मावशी आल्या’ अशी नोंद एकाही पानावर नाही. किती वाजता आल्या, किती वाजता गेल्या, हे तर लांबच. इतकी वर्षं आमच्या घरात काम झालं आणि कागदावर उरलं ते फक्त न झालेलं काम.

काम धरताना दारात जे बोलणं होतं, ते आठवून पाहा. “किती माणसं?” “चार, पण मुलगा पुण्यालाच असतो.” “भांडे एक टाइम का दोन टाइम?” “कपडे हातानं का मशीनला?” “फरशी रोज का दिवसाआड?” मग आकडा, मग घासाघीस, मग “बाजूच्या ब्लॉकमधी इतके देतेत” हा ठेवणीतला मुद्दा. या सगळ्यात ‘किती वेळ’ हा प्रश्न येत नाही. मोजमाप माणसांचं, बादल्यांचं, खोल्यांचं. पगार मात्र महिन्याचा.

एक साधा हिशेब मांडते. आकडे समजुतीपुरते आहेत, कमी-जास्त करून घ्या. समजा, एका घरची भांडी, कपडे आणि फरशी मिळून महिना दीड हजार. काम पन्नास मिनिटांचं, दिवस अठ्ठावीस. म्हणजे तेवीस तास वीस मिनिटं, तासाला चौसष्ट रुपये. ऐकायला वाईट नाही. आता त्यात एका घरून दुसऱ्या घरी जायची, बेल वाजवून थांबायची, “पाच मिनिटं बसा, पोळ्या होऊ द्या, मग सगळे भांडे एकदमच घ्या” यातली मिळून रोजची वीस मिनिटं घाला. तासाचे शेहेचाळीस झाले. दिवाळीत नणंद आणि तिची मुलं आठ दिवस राहायला आली, की भांडी दुप्पट होतात. पगार तेवढाच, कारण तो ‘महिन्याचा ठरलेला’ असतो. आणि नणंद गेल्यावर बाई दोन दिवस आली नाही, तर दीड हजार भागिले तीस, दिवसाचे पन्नास, असे शंभर रुपये कापायला आपल्याला कॅलक्युलेटरही लागत नाही. काम वाढलं की हिशेब महिन्याचा आणि काम चुकलं की दिवसाचा. जुन्या मोंढ्यात घ्यायचं माप वेगळं आणि द्यायचं माप वेगळं ठेवणाऱ्या अडत्यांच्या गोष्टी आपण हसत सांगतो. तशी दोन मापं आपल्या स्वयंपाकघरातही आहेत. माझ्याही होती.

मराठवाड्यातल्या बाईला मोजमापाचं कुणी शिकवावं अशी परिस्थिती नाही. छत्रपती संभाजीनगरच्या मुकुंदवाडी, संजयनगर, पुंडलिकनगर, चिकलठाणा या भागांतून सिडको-गारखेड्याकडे सकाळी निघणाऱ्या अनेकजणी शेतातून इथे आल्या. शेतात त्यांनी रोजानं काम केलंय, उक्तं केलंय, गुत्तं म्हणजे ठेका घेतलंय. रोज म्हणजे दिवसाचे पैसे. ऊन लागलं, बसलं, तरी दिवस भरतो. उक्तं म्हणजे एवढी सरी, एवढं रान, एवढे पैसे. लवकर उरका नाहीतर रात्र करा. कापूस वेचणी तर किलोवर. ज्यांचे हात चपळ त्या उक्त्याला कधी नाही म्हणत नाहीत, कारण तिथे वेग आपल्या हातात असतो. घरकामही वरून उक्त्यासारखंच दिसतं: एवढी भांडी, एवढे पैसे. फरक असा, की इथे वेग घराच्या हातात असतो. आजोबांची अंघोळ व्हायची असते, बाथरूम अडलेलं असतं. वहिनींचा फोन चालू असतो, बेडरूमचं दार बंद. आणि या शहरात त्या सगळ्यांच्या वर नळ असतो.

*

नळाबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. छत्रपती संभाजीनगरच्या बाहेरच्या वाचकाला ‘आज पाण्याचा दिवस आहे’ हे वाक्य लग्नाची तिथी सांगितल्यासारखं का म्हणतात, ते कळणार नाही. पैठणला जायकवाडीचा नाथसागर आहे, शंभर टीएमसीच्या घरातला. तिथून शहराला पाणी आणणाऱ्या ७०० आणि १४०० मिलिमीटरच्या दोन जलवाहिन्या म्हाताऱ्या झाल्या, शहर वाढत गेलं, आणि वर्षानुवर्षं इथे नळाला पाच-सहा दिवसांआड, उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांआड पाणी येत राहिलं. त्यावरचा इलाज म्हणून २,७४० कोटींवर गेलेली नवी योजना, तिची माणूस उभा राहील एवढी २,५०० मिलिमीटरची जलवाहिनी, तिच्या तारखा आणि पुढच्या तारखा, हे इथल्या वर्तमानपत्रांचं कायमचं सदर आहे. त्यात शिरत नाही.

पाण्याच्या दिवशी सिडकोतल्या घरात काय होतं? आठवडाभर साठवलेल्या चादरी, पडदे, जीन्स बाहेर पडतात. हौद, टाकी, पिंप, पातेली, अगदी कळशाही भरून घ्यायच्या असतात. गच्ची, जिना, पोर्च धुवायचा असतो. “मावशी, उद्या लवकर या हं, पाणी आहे.” रोजचं पन्नास मिनिटांचं काम त्या दिवशी दोन तासांचं होतं. जास्तीचे पैसे? अहो, महिन्यातून चारदाच तर येतं पाणी!

आता त्याच मावशींची वस्ती बघा. तिथेही आठवड्यातून एकदाच पाणी, आणि तिथे हौद नाही, मोटर नाही. चार ड्रम आणि एक पाइप, तोही शेजारणीबरोबर आलटून पालटून. पाणी कधी पहाटे चारला, कधी दुपारी, कधी वीज गेल्यामुळे किंवा पाइप फुटल्यामुळे एक दिवस पुढे. तेव्हा घरी कुणी नसेल, तर आठवडाभर टँकर नाहीतर विकतचा जार. म्हणून पाण्याच्या दिवशी ती घरी थांबते. आणि ती थांबली, की सिडकोतल्या तिच्या सहा घरांच्या भिंतींवरच्या सहा कॅलेंडरांवर सहा गोल पडतात. दोन वस्त्यांचा पाण्याचा दिवस वेगवेगळा असेल तर आठवड्यात दोनदा ओढाताण. एकच असेल तर एकाच वेळी तिनं दोन नळांवर उभं राहायचं. या शहरातल्या मोलकरणींच्या खाड्यांपैकी किती आजारपणाचे, किती पाहुण्यांचे आणि किती नळाचे, हे कुणी मोजलेलं माझ्या पाहण्यात नाही. मी माझ्या घरातल्या एका वर्षाचे आठवून पाहिले. निम्म्याहून जास्त नळाचे निघाले.

अशा बाईचा नवरा बहुतेक वेळा वाळूजला नाहीतर चिकलठाण्याच्या एमआयडीसीत कंत्राटी कामगार असतो. १९८५ मध्ये बजाजचा वाळूजचा कारखाना सुरू झाला आणि या शहराला पाळी, भोंगा, पंचिंग, ओटी असे शब्द मिळाले. ओटी म्हणजे ओव्हरटाइम. इथल्या वस्तीत लग्न जुळवतानाही ‘ओटी किती बसते’ असं विचारतात. त्याच्या कार्डावर आत गेल्याची वेळ असते आणि बाहेर पडल्याची असते. १९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्याचे ४८ तास ठरवले आणि त्यावरच्या तासांना दुप्पट दर लावला. कंत्राटदार तो नेहमी देतो असं नाही, पण मागायचं तर मागायला आकडा असतो. एकाच खोलीतून सकाळी दोघं बाहेर पडतात. त्याचे जास्तीचे दोन तास ओटी होतात. तिचे जास्तीचे दोन तास ‘तेवढं करून जा गं’ होतात.

*

घरकामाचे तास मोजावेत हा विचार नवा नाही, आणि तो पहिल्यांदा संसदेत मांडणाऱ्यांत एक मराठी माणूस होता. पां. ना. राजभोज हे शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे एकेकाळचे नेते. १९५९ मध्ये त्यांनी राज्यसभेत घरकामगारांच्या सेवाशर्तींचं खाजगी विधेयक आणलं. किमान वेतन, कामाच्या तासांची कमाल मर्यादा, आठवड्याला सलग चोवीस तासांची विश्रांती, वर्षाला पंधरा दिवस रजा, एवढं सगळं त्यात होतं. शिवाय घरकामगारांची नोंदवही ठेवायची होती, तीही स्थानिक पोलिसांकडे. विधेयक मंजूर झालं नाही. रजा गेली, तास गेले, विश्रांती गेली. पोलिसांकडची नोंद तेवढी टिकली: आजही सोसायट्यांमध्ये बाईचं पोलीस व्हेरिफिकेशन हाच बहुधा तिच्या नोकरीचा एकमेव कागद असतो.

पुण्यात १९८० मध्ये आजारपणाची रजा घेतली म्हणून एका बाईचं काम गेलं आणि आजूबाजूच्या बायकांनी काम थांबवलं. कुणी पुढारी आधी आला नव्हता, बायका आधी उतरल्या होत्या. त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली; लीलाताई भोसले, भालचंद्र केरकर अशी लाल निशाण पक्षाची मंडळी तिच्यामागे होती. त्या लढ्याची ठिणगी खाड्याची होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पुढे दरपत्रकं आली, पगारी सुट्टीची मागणी आली, दिवाळीला एक पगार बोनस हा रिवाज पुण्यात बराच रुजला. आमच्याकडे अजून साडीवर भागवतात. साडी कुठल्या दुकानातली, ते बायका पिशवीवरून ओळखतात आणि आपल्यासमोर बोलत नाहीत.

कायदाही झाला. महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम, २००८. नाव नीट वाचा: कल्याण मंडळ. त्यात नोंदणी आहे, प्रसूतीची मदत आहे, अंत्यविधीची मदत आहे. मजुरीचा दर नाही, तास नाहीत. कोविडमध्ये २०२१ च्या एप्रिलात नोंदीत घरेलू कामगारांना दीड हजार रुपये जाहीर झाले, तेव्हा नोंदणीचं महत्त्व अनेकींना कळलं. नोंदणीच्या कागदांत मालकाचं प्रमाणपत्र असतं. ‘ही बाई आमच्याकडे काम करते’ एवढं एक वाक्य. ते लिहून द्यायला चांगली शिकलेली माणसं कचरतात, “उद्या काही झालं तर?” म्हणतात. काय होणार असतं, ते मात्र सांगत नाहीत.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ मध्ये घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार केला. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांच्या कायद्यासाठी समिती नेमण्याचे आदेश केंद्राला दिले. समित्या येतील. दरम्यान दिवाळी दरवर्षी येतेच.

*

दिवाळीचं काम हे वेगळंच प्रकरण आहे. नवरात्राच्या आधी ‘दसरा काढायचा’ हा आपल्याकडचा जुना शब्द. गोधड्या, वाकळा, पांघरुणं, सगळं धुवून वाळवायचं. पूर्वी घरातल्या बायका नदीवर जायच्या. आता फ्लॅटमध्ये दसरा काढायला टोळी येते. डीप क्लीनिंग म्हणतात त्याला. तीन-चार जणं, बहुधा दोन पोरं आणि दोन बाया. व्हॅक्यूम, फरशी घासायचं गोल मशीन, शिडी, फडक्यांचा गठ्ठा, अॅसिडचा कॅन. दर घरावर: वन बीएचके इतके, टू बीएचके इतके. काम घेणारा तो गुत्तेदार. टोळीला पैसे दोन तऱ्हांनी मिळतात, एक तर रोजाने, नाहीतर खेपेने, म्हणजे घरटी.

खेपेचं गणित वरून सरळ दिसतं. समजा, टू बीएचकेचे चार हजार. सामान, गाडी आणि गुत्तेदाराचा वाटा जाऊन चौघांना प्रत्येकी चारशे. पाच तासांत उरकलं तर दुपारून दुसरी खेप. पण बीड बायपासला, सातारा-देवळाई भागात जा. बोअर आणि टँकरचं पाणी, क्षार एवढा की नळाची तोटी पांढरी आणि बाथरूमच्या फरशीवर पापुद्रा. तिथलं एक बाथरूम समर्थनगरातल्या दोन बाथरूमांएवढा वेळ खातं. दर मात्र बीएचकेवर आहे, क्षारावर नाही. शिवाय लिफ्ट बंद म्हणून मशीन चार मजले खांद्यावर. शिवाय “आमची पूजा चाललीय, अर्धा तास खाली थांबा.” शिवाय मधेच पाणी संपलं, टँकरला फोन. पाचाचे आठ तास होतात आणि दुसरी खेप बुडते. रोजाने असते तर तो उशीर गुत्तेदाराच्या अंगावर गेला असता. खेपेने असल्यामुळे टोळीच्या अंगावर गेला.

यावर उपाय मोठा नाही, दोनशे पानी वहीचा आहे. गेटवर पोचलो ती वेळ, घरात काम सुरू झालं ती वेळ, संपलं ती वेळ, आणि मधे थांबावं लागलं तर कशामुळे. पंधरा घरं अशी लिहिली, की कोणत्या भागातल्या घराला कोणता दर हवा, ते आपोआप दिसतं. चांगले गुत्तेदार हे लिहितात, पण आपल्यासाठी: पुढच्या गिऱ्हाइकाला जास्त दर सांगण्यासाठी. गिऱ्हाइकाचा दर वाढतो, टोळीची खेप चारशेच राहते. आणि पैसे हल्ली यूपीआयने येतात ते गुत्तेदाराच्या फोनवर. पूर्वी चार नोटा निदान सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मोजल्या जायच्या.

टोळी, मुकादम, उचल. हे शब्द आपल्या भागात ऊसतोडीचे. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता, मजुरी टनावर, आणि खाडा झाला तर नुसता रोज बुडत नाही, वर दंड. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या आल्या, तेव्हा दिवसाच्या खाड्याला पाचशे रुपये दंड हा आकडा देशभर छापून आला. पाळीच्या चार दिवसांचा खाडा परवडत नाही म्हणून पिशवीच काढून टाकायची. तोच शब्द आपण गॅसची तारीख लिहावी तितक्या सहज कॅलेंडरवर गोल काढून वापरतो.

मोठ्या शहरांत आता तास मोजले जाऊ लागले आहेत. अर्बन कंपनीने मार्च २०२५ मध्ये मुंबईत तासावर बाई देणारी सेवा काढली, सुरुवातीचा दर तासाला ४९ रुपये. ‘इन्स्टा मेड्स’ या नावावर टीका झाली तेव्हा ते बदलून ‘इन्स्टा हेल्प’ केलं. कंपनीचं म्हणणं असं, की बाईला तासाला दीडशे ते एकशे ऐंशी मिळतात आणि महिन्याला १३२ तास भरले तर वीस हजारांची हमी. आकडा आपल्याकडच्या हिशेबापेक्षा कितीतरी बरा आहे, ते नाकारू नये. पण घड्याळ कंपनीच्या फोनमध्ये आहे, तारे गिऱ्हाईक देतं, आणि दोन कामांमधला रस्त्यावरचा वेळ कुणाच्या खात्यावर, हा प्रश्न पुन्हा तिथेच. मोठ्या सोसायट्यांमध्ये मायगेटसारखं अॅप बाईची आत-बाहेरची प्रत्येक वेळ टिपतं आणि घरमालकाला कळवतं. म्हणजे जी नोंद शंभर वर्षं कुणी ठेवली नाही ती आता सेकंदापर्यंत आहे, पण ती गेटची आहे, पगाराची नाही. तिने थांबून वाट पाहिलेली वीस मिनिटं त्यातून काढून दाखवता येतील. कुणी काढत नाही.

दक्षिण आफ्रिकेने २००२ मध्ये एक साधा नियम केला: घरकामाला आलेली बाई चार तासांपेक्षा कमी काम करून गेली, तरी तिला चार तासांचे पैसे. कारण तिचं येणं-जाणं, त्या दिवसाचे मोडलेले तुकडे, हेही कामच. आपल्या सहा घरांच्या पद्धतीला तो जसाच्या तसा लागू पडणार नाही. पण त्यामागचा विचार कळायला अवघड नाही. रिक्षावाल्याला आपण कमीत कमी भाडं देतोच की, अर्धा किलोमीटर गेलो तरी.

एक आकडा मधेच सांगायचा राहिला. केंद्राच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसातला सरासरी वेळ २८९ मिनिटं निघाला, पुरुषांचा ८८. मावशी येतात तेव्हा कमी होतात त्या माझ्या मिनिटांपैकी. म्हणूनच बहुधा दर ठरवायला, गोल काढायला आणि पैसे कापायलाही मीच उभी असते. आमच्या ह्यांना मावशींचा पगार किती, ते माहीत नाही.

त्या जुन्या कॅलेंडरांनंतर यंदा मी उत्साहाने नवी पद्धत सुरू केली. रोज मावशी आल्या की वेळ लिहायची, गेल्या की वेळ लिहायची. खाड्याऐवजी हजेरी. आठ दिवसांनी मावशींनी भिंतीकडे बघत विचारलं, “ताई, मला घड्याळ लावलं का काय?” मी समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि त्यानंतर चहाला बसायच्या बंद झाल्या. महिनाभराने मी ते लिहिणं सोडलं आणि त्यांना एक छोटं कॅलेंडर आणून दिलं. तुमचं तुम्ही ठेवा, म्हटलं. त्यांना लिहिता येत नाही. नववीतली नात लिहिते.

गेल्या महिन्याच्या शेवटी त्या ते पिशवीतून घेऊन आल्या. दोन्ही कॅलेंडरं ओट्यावर शेजारी ठेवली. माझ्याकडे तीन गोल, त्यांच्याकडे दोन फुल्या. चौदा तारखेचं जुळेना. त्यांच्या चौदाच्या चौकोनात नातीने बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘नळ. संध्या. ७ ला गेली.’ मग आठवलं. त्या दिवशी वस्तीत पाणी आलं होतं, मावशी सकाळी आल्या नव्हत्या, आणि संध्याकाळी मी बाहेर असताना येऊन दोन्ही वेळची भांडी घासून गेल्या होत्या. गोल मी सकाळी साडेनऊलाच काढला होता.